बर्फांतील वाट, चाकाची सांखळी आणि मालाचा धनी

पौषाच्या थंडीनें महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या कांठीं दंव गोठलें, म्हणजे मंडळी पहांटे उठून तें पाहावयास जातात आणि घरीं येऊन आठ दिवस त्याच्या गोष्टी सांगतात. बर्फाशीं आपला संबंध काय तो एवढाच. अशा स्थितींत शेतकऱ्यांच्या मासिकांत बर्फावरून गाडी हांकण्याविषयीं व चाकांना सांखळ्या बांधण्याविषयीं लेख पाहून कांहीं वाचकांस नवल वाटेल, कदाचित् थोडें हंसूंही येईल. परंतु शेत दख्खनेंत असलें तरी माल दख्खनेंत राहत नाहीं. आपला कांदा आणि आपलीं द्राक्षें उत्तरेस जातात. त्यांतील बहुतेक माल दिल्लीच्या आझादपूर बाजारांत उतरतो हें खरें. तरी कांहीं गाड्या तेथें न थांबतां जम्मूकडे व तेथून घाट चढून काश्मीरच्या खोऱ्यांत जातात, आणि परततांना सफरचंदें भरून आणतात. वाशीच्या बाजारांत हिंवाळ्यांत जी काश्मिरी सफरचंदाची पेटी दिसते, ती ज्या वाटेनें खालीं आली त्याच वाटेनें आपल्याकडील कोणाचा तरी कांदा वर गेलेला असतो. त्या वाटेवर डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत केव्हांही बर्फ पडतें, आणि गाडी चालविणारा बहुधा आपल्यापैकींच कोणा शेतकऱ्याचा धाकटा मुलगा असतो, ज्यानें जन्मांत बर्फ पाहिलेलें नसतें.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. या वाटेवर जाणाऱ्या गाडीच्या सांखळ्यांचा खर्च, त्या घालण्यास लागणारा वेळ आणि बर्फामुळें होणारा खोळंबा या तिन्ही गोष्टींचा भार एकट्या चालकावर टाकणें अन्यायाचें आहे. तो मालाच्या धन्यानें, म्हणजे आपण, उचलला पाहिजे.

प्रथम ही सांखळी म्हणजे काय तें सांगूं. टायरच्या दोन्ही अंगांस गोलाकार बसणाऱ्या दोन लांब सांखळ्या आणि त्यांस जोडणाऱ्या, टायरच्या पाठीवरून आडव्या किंवा तिरप्या जाणाऱ्या आंखूड सांखळ्या, असें एक जाळें असतें. तें चाकावर पांघरून आंवळून बांधावयाचें. १९०४ सालीं अमेरिकेंतील न्यूयॉर्क राज्याच्या कॅनास्टोटा गांवच्या हॅरी वीड यानें या युक्तीचें पेटंट मिळविलें. त्यापूर्वीं चिखलांत व बर्फांत सांपडलेले मोटारवाले चाकांना दोर गुंडाळून वेळ मारून नेत, आणि तें पाहूनच त्यास ही कल्पना सुचली असें सांगतात. आमच्या कोंकणांतील वाचकांस तर ही कल्पना मुळींच परकी वाटूं नये. भातखाचरांत चिखलणीच्या वेळीं ट्रॅक्टरला लोखंडी केजव्हील लावतात, त्यामागचा विचार हाच आहे. रबर जेथें नुसतें फिरत राहतें, तेथें लोखंड खालच्या थरांत रुततें आणि धरून राहतें. केजव्हील डांबरी रस्त्यावर चालवूं नये हें जसें आपणांस ठाऊक आहे, तसेंच सांखळीचेंही आहे. पण तें पुढें येईल.

बर्फावर गाडी कां घसरते, हें आंकड्यांनीं सांगितलें म्हणजे अधिक पटतें. कोरड्या डांबरी रस्त्यावर ताशीं ४० किलोमीटर वेगानें जाणारी हलकी गाडी ब्रेक दाबल्यापासून सुमारें ९ ते १० मीटरांत उभी राहते. चाकांखालीं दाबल्या गेलेल्या बर्फावर तिलाच ३० मीटरांच्या आसपास लागतात, आणि रस्त्यावर पाणी गोठून कांचेसारखें झालेलें असलें तर ६० मीटर किंवा त्याहूनही अधिक. यांत धोका दिसून चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत गाडी जें अंतर तोडते तें धरलेलें नाहीं. पुष्कळांचा असा समज असतो कीं भरलेली गाडी जड असल्यामुळें बर्फावर ‘बसते’ आणि लवकर थांबते. हा समज जीवघेणा आहे. वजन वाढलें म्हणजे चाकाची पकड वाढते हें खरें, पण जें थांबवावयाचें तें ओझेंही त्याच प्रमाणांत वाढलेलें असतें. थांबण्याचें अंतर कांहीं कमी होत नाहीं. चढावर मात्र चालत्या चाकांवरील वजनाचा उपयोग होतो, आणि त्यामुळेंच हा समज टिकून राहिला असावा. आणखी एक विलक्षण गोष्ट अशी कीं फार कडक थंडींतील बर्फापेक्षां वितळण्याच्या बेतास आलेलें बर्फ अधिक निसरडें असतें. ऊन पडलें, आतां भीति नाहीं, असें म्हणून दुपारीं गाडी काढणारा माणूस पुष्कळदां याच भ्रमांत असतो. पूल तर आजूबाजूच्या रस्त्याच्या आधीं गोठतात, कारण त्यांना वरून व खालून दोन्हीकडून वारा लागतो.

आतां कोणी म्हणेल, ही वाट पूर्वींसारखी राहिली आहे कोठें? हा आक्षेप खरा आहे आणि त्याचें उत्तर दिलें पाहिजे. बनिहालचा जुना जवाहर बोगदा १९५६ सालीं खुला झाला. तो सुमारें २,२०० मीटर उंचीवर आहे आणि त्याच्या दोन्ही तोंडांशीं हिंवाळ्यांत गाड्या अडकून पडत. २०१७ सालीं चेनानी ते नाशरी हा सुमारें ९ किलोमीटरांचा बोगदा झाला. २०२१ सालीं बनिहाल ते काझीगुंड हा साडेआठ किलोमीटरांचा बोगदा झाला, आणि तो जुन्या बोगद्याहून सुमारें ४०० मीटर खालीं असल्यामुळें बर्फाचा पुष्कळसा त्रास चुकला. २०२५ च्या जून महिन्यांत कटऱ्याहून श्रीनगरास आगगाडी जाऊं लागली, आणि त्याच वर्षीं सप्टेंबरांत बडगांवाहून दिल्लीकडे सफरचंदांची पार्सलगाडी सुटली. या सर्व गोष्टींचें आम्हांस मनापासून कौतुक आहे. पण आगगाडी बागेच्या बांधाशीं येत नाहीं आणि बोगदा बाजाराच्या दारांत उघडत नाहीं. शोपियन आणि पुलवामा या भागांतील बागा व लासीपुऱ्याचीं शीतगृहें यांपासून हमरस्त्यापर्यंतची वाट उघड्या आकाशाखालींच आहे. हिंवाळ्यांतील सफरचंद शीतगृहांतून निघतें, तेव्हां त्याच वाटेनें निघतें. बोगद्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा चढउतार तर आहेच.

किंबहुना बोगद्यांमुळें सांखळीची गरज कांहीं ठिकाणीं वाढली आहे, असें आम्ही म्हणतों. हिमाचल प्रदेशांत रोहतांग घाटाखालून गेलेला अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजीं खुला झाला. तो ९ किलोमीटरांहून किंचित् अधिक लांब व समुद्रसपाटीपासून सुमारें ३,००० मीटर उंचीवर आहे. तत्पूर्वीं लाहौलचें खोरें हिंवाळ्यांत महिनेच्या महिने जगापासून तुटलेलें असे. तेथील बटाटा, वाटाणा आणि फ्लॉवर पिकविणाऱ्या शेतकऱ्यांस या बोगद्याचा केवढा आधार झाला असेल तें आपण समजूं शकतों. पण जेथें पूर्वीं बर्फांत कोणी जातच नसे, तेथें आतां भर हिंवाळ्यांत मोटारी जातात. २०२४ च्या डिसेंबरांत सोलंग आणि बोगदा यांच्या दरम्यान शेंकडों गाड्या बर्फांत अडकल्या व पोलिसांस रात्रभर राबून माणसें बाहेर काढावीं लागलीं. रस्ता सुधारला म्हणजे धोका नाहींसा होतो असें नाहीं. पुष्कळदां तो अनुभवी माणसाकडून अननुभवी माणसाकडे सरकतो.

आमच्या परिचयाच्या एका ट्रकचालकानें सांगितलेली हकीकत येथें देतों. तो कांदा घेऊन जानेवारींत निघाला होता. नाशिकपासून श्रीनगर सुमारें दोन हजार किलोमीटर. त्यांतील बहुतेक अंतर त्यानें नेहमींच्या हिशेबानें तोडलें. उधमपुराजवळ जड गाड्या थांबवून ठेवल्या होत्या. तेथें दीड दिवस गेला. या दीड दिवसांत कांद्याच्या धन्याचा दर दोन तासांनीं फोन येत होता कीं भाव उतरत आहे, कसेंही करून पुढें नीघ. वाट मोकळी होणार असें कळतांच त्यानें एका दुकानांतून घाईनें सांखळ्यांची जोडी घेतली. त्या त्याच्या टायरच्या मापाच्या नव्हत्या. किंचित् सैल होत्या, पण दुकानदार म्हणाला चालतील. त्यानें त्या पूर्वीं कधीं बांधल्या नव्हत्या. हिमवर्षावांत, निसरड्या चढावर, उघड्या हातांनीं, मोबाईलच्या उजेडांत त्यानें त्या बांधल्या, आणि दोनतीन किलोमीटरांवर उजवीकडील सांखळीचा एक आडवा दुवा तुटला. तुटलेलें टोंक चाकाबरोबर गरगर फिरून आंतल्या बाजूस आपटूं लागलें व त्यानें ब्रेकची हवेची नळी फोडली. गाडी उतारावर नव्हती, चढावर होती, आणि डोंगराच्या अंगाला होती, दरीच्या नव्हे. म्हणून तो आज हकीकत सांगावयास आहे. रात्र त्यानें गाडींत काढली.

माल तीन दिवस उशिरां पोंचला. धन्यानें उशिराबद्दल भाडें कापलें. तो धनी आमचा स्नेही आहे, माणूस वाईट नाहीं, आणि कांद्याचा भाव खरोखरच उतरला होता. आम्ही त्या वेळीं त्यास कांहीं बोललों नाहीं. तेव्हां जें बोलावयास पाहिजे होतें तें आज लिहीत आहों.

त्या चालकाच्या चुका कोणत्या, हें पाहिलें म्हणजे सांखळी कशी वापरावी तें आपोआप कळतें. सांखळी टायरच्या मापाचीच घ्यावी लागते. टायरच्या अंगावर जो आंकडा उठविलेला असतो तो दुकानदारास सांगावयाचा, अंदाज चालत नाहीं. ती घरीं, कोरड्या जागेंत, दिवसाउजेडीं दोन वेळां घालून व काढून पाहावी. ज्यानें अंगणांत एकदां सांखळी बांधली आहे, त्यास घाटांत ती बांधण्यास लागणारा वेळ निम्म्यावर येतो. बर्फ सुरू होण्याच्या आधीं, सपाट व रुंद जागीं, इतर गाड्यांच्या वाटेंतून बाजूस उभें राहून ती घालावी. चाक फिरावयास लागल्यावर व गाडी घसरूं लागल्यावर नव्हे. टायरची हवा काढून सांखळी बसविण्याचा प्रकार कांहीं लोक करितात, तो करूं नये. घातल्यावर शंभर-दोनशें पावलें गाडी नेऊन पुन्हां उतरावें आणि ढिली झालेली सांखळी आंवळावी. हें दुसऱ्यांदा आंवळणें ज्यांनीं टाळलें त्यांच्याच सांखळ्या बहुधा तुटतात. हातमोजे, विजेरी आणि गुडघ्याखालीं टाकावयास एक गोणपाट, एवढें सामान सांखळीच्याच पिशवींत असावें. वेग ताशीं ४० किलोमीटरांच्या आंत ठेवावा. जर्मनीच्या कायद्यांत सांखळी घातलेल्या गाडीस ताशीं ५० ची मर्यादा आहे, आणि तेथील रस्ते आपल्या घाटांहून किती बरे आहेत हें सांगावयास नको. बर्फ संपून डांबर उघडें लागलें कीं पहिल्या सोईच्या जागीं सांखळी काढावी. उघड्या डांबरावर ती झिजते, टायर खाते, आणि शेवटीं तुटून चाबकासारखी आंत बसते.

कोणत्या चाकांना घालावयाची, याविषयीं गोंधळ आहे. ज्या चाकांना इंजिनाचा जोर मिळतो त्यांना. हल्लींच्या लहान मोटारींत तीं पुढचीं असतात, ट्रकांत मागचीं. मागें जोडचाकें असलीं तर निदान बाहेरच्या चाकांना तरी हवीच; दोन्ही चाकांवरून एकत्र बसणारी सांखळीही मिळते व ती अधिक चांगली. मात्र येथें एक मर्म आहे. सांखळी असलेलीं चाकें धरून राहतात, नसलेलीं घसरतात. मोटारीच्या पुढच्याच चाकांना सांखळी असली तर उतारावर तिचें मागचें अंग पुढें येऊं पाहतें. ट्रकच्या मागच्याच चाकांना असली तर वळणावर त्याचें तोंड सरळ निघून जातें. म्हणून सांखळी ही चढून जाण्याचा परवाना आहे असें समजणाऱ्यानें उतरण्याचा विचार आधीं करावा.

ही गोष्ट ओढून नेण्याच्या कामांत सर्वांत भयंकर रीतीनें अनुभवास येते. बैलगाडी ज्यांनीं हांकली आहे त्यांस उतार म्हणजे काय हें आम्ही सांगावयास नको. चढावर बैल गाडी ओढतात. उतारावर गाडी बैलांच्या मानेवर येते आणि बैल पाय रोवून तिला अंगावर घेतात. ट्रॅक्टरमागें ट्रॉली असतां हेंच घडतें. फरक इतकाच कीं बैलाला मागचा रेटा कळतो, ट्रॅक्टरला कळत नाहीं. डोंगराळ भागांतील शेतकरी लांकूड, चारा आणि फळांच्या पेट्या ट्रॉलींतून नेतात. ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या चाकांना सांखळ्या घातल्या, चढ सहज चढून गेला, कीं चालकाचा धीर वाढतो आणि तेथेंच घात होतो. माथ्यावरून उतरतांना तो ब्रेक दाबतो. ट्रॅक्टर सांखळीच्या जोरावर थांबूं पाहतो. ट्रॉलीच्या चाकांना धरावयास कांहींच नसतें. मागचें कित्येक टनांचें ओझें हुकाच्या ठिकाणीं ट्रॅक्टरला ढकलतें, हूक वळतो, आणि ट्रॅक्टर व ट्रॉली अडकित्त्याच्या दोन पात्यांप्रमाणें एकमेकांवर मिटतात. चालक मध्यें बसलेला असतो.

यावर उपाय एकच : ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक असावा आणि त्या ब्रेकच्या आंखावरील चाकांनाही सांखळी असावी. नुसता ब्रेक असून सांखळी नसली तर ट्रॉलीचीं चाकें जागच्या जागीं अडकून ती आडवी फिरते. अमेरिकेंत कॅलिफोर्नियाच्या डोंगरी रस्त्यांवर बर्फ पडलें कीं सांखळ्यांचा हुकूम लागू होतो, आणि त्या नियमांत नेमकी हीच गोष्ट सांगितली आहे : ओढणाऱ्या गाडीच्या चालत्या आंखावर सांखळी हवी, आणि ब्रेक असलेल्या ट्रेलरच्याही निदान एका आंखावर हवी. हा नियम ज्यांनीं केला, त्यांनीं अडकित्ता मिटतांना पाहिला असला पाहिजे.

सांखळी असो वा नसो, ओढणाऱ्यानें कांहीं पथ्यें पाळावयाचीं असतात. उतार लागण्यापूर्वींच खालचा गिअर घालावा व इंजिनाच्या अटकावानें उतरावें. मध्यंतरीं क्लच दाबून गाडी मोकळी सोडूं नये. ट्रॅक्टरच्या उजव्या व डाव्या चाकांचे ब्रेक निरनिराळे असतात, शेतांत वळण घेण्यास तें सोईचें. रस्त्यावर मात्र दोन्ही पायट्या अडसरानें एकत्र जोडाव्या लागतात, नाहीं तर एकच चाक अडकून ट्रॅक्टर जागेवर गिरकी घेतो. (हें सर्वांस माहीत आहे आणि फार थोडे करितात.) ट्रॉलींतील ओझें आंखाच्या मागें पडूं देऊं नये, तसें पडलें तर दांडी वर उचलली जाते आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचें वजन, म्हणजे त्यांची पकड, नेमकी जेथें हवी तेथेंच कमी होते. आपल्याकडे वजनासाठीं टायरांत पाणी भरण्याची चाल आहे. थंड मुलुखांत साधें पाणी आंत गोठतें, म्हणून तेथें पाण्यांत कॅल्शियम क्लोराइड मिसळतात. अडकलेली गाडी दोरानें काढावयाची झाल्यास हिसका देऊं नये, प्रथम चाकांखालीं वाळू किंवा राख टाकावी, आणि ताणलेल्या दोराच्या रेषेंत कोणासही उभें राहूं देऊं नये.

आपल्याकडे बर्फ नाहीं, पण ट्रॉली आहे. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत उसाच्या एकेका ट्रॅक्टरमागें दोन दोन ट्रॉल्या जोडलेल्या आपण रोज पाहतों, आणि त्यांतील पुष्कळांना ब्रेक नसतो. कारखान्याच्या वाटेवर सांडलेलें पाणी, शेतांतून आलेला चिखल आणि पहांटेचें दंव यांनीं उतार कसा होतो हें चालक जाणतो. काश्मिरी शेतकऱ्यास ट्रॉलीच्या ब्रेकविषयीं उपदेश करण्याचा आपणांस कितपत अधिकार आहे, याचा विचार वाचकांनींच करावा. आम्हांस हें लिहितांना थोडा संकोच वाटला.

गाडी अडकली तर काय, याविषयीं चार ओळी लिहिणें अवश्य आहे, कारण बर्फांत अडकलेलीं माणसें पुष्कळदां थंडीनें मरत नाहींत. २०२२ च्या जानेवारींत पाकिस्तानांतील मरी या थंड हवेच्या ठिकाणीं बर्फांत अडकलेल्या मोटारींत एका रात्रींत वीसांहून अधिक माणसें मरण पावलीं. मोटारी बर्फानें वेढल्या होत्या, आंत ऊब राहावी म्हणून इंजिन चालू होतें, धूर बाहेर पडण्याची नळी बर्फानें बुजली होती, आणि कार्बन मोनॉक्साइड हा वायु आंत भरला. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. झोंप येते आणि मनुष्य पुन्हां उठत नाहीं. तेव्हां इंजिन चालू ठेवावयाचेंच असेल तर आधीं उतरून धुराच्या नळीभोंवतींचें बर्फ काढावें, कांच दोन बोटें खालीं ठेवावी, आणि थोडा वेळ चालवून बंद करावें. ट्रकच्या केबिनमध्यें कोळशाची शेगडी घेऊन झोंपण्याची संवय तर याहूनही घातक आहे. ज्या चालकाजवळ दोन चांगल्या घोंगड्या आहेत तो या मोहांत पडत नाहीं. घोंगड्या आपल्याकडे काय थोड्या आहेत?

आतां मूळ मुद्द्याकडे येतों. आमच्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं गाडी ट्रकवाल्याची, तर सांखळीही त्याचीच; धन्यानें भाडें दिलें कीं त्याचें काम संपलें. कायद्यानें पाहतां हें बरोबर असेल. परदेशांतील कायदेही गाडीवाल्यासच बांधतात. ऑस्ट्रियांत साडेतीन टनांहून जड मालगाडीनें १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल सांखळ्या बाळगल्याच पाहिजेत. अमेरिकेंतील कोलोरॅडो राज्यांत ७० क्रमांकाच्या महामार्गाच्या डोंगराळ भागांत सप्टेंबरपासून मेअखेर मालवाहू गाडीस, आकाश निरभ्र असलें तरी, त्या बरोबर ठेवाव्या लागतात. पण जेथें असा कायदा कडकपणें अंमलांत असतो तेथें सर्वच ट्रकवाल्यांस तो खर्च येतो आणि तो भाड्यांतच मिळतो. आपल्याकडे जो चालक सांखळी घेऊन निघतो, तो न घेणाऱ्यापेक्षां महाग पडतो, आणि आपण दुसऱ्याला गाडी देतों. सांखळी न घेण्याचें बक्षीस आपणच देत असूं, तर ती न घेतल्याचा दोष त्याच्या माथीं कसा मारावा?

दुसरा आक्षेप असा कीं वर्षांतून एक-दोन खेपांसाठीं ही वस्तु विकत कोण घेईल. एकट्यादुकट्यानें घेऊं नये हें आम्हांसही मान्य आहे. फवारणीचीं यंत्रें आणि ताडपत्र्या संस्था सभासदांस वापरावयास देतात. त्याच धर्तीवर नेहमींच्या ट्रकांच्या मापाच्या चार-सहा जोड्या संस्थेनें घेऊन ठेवाव्यात, अनामत घेऊन उत्तरेस जाणाऱ्या गाडीस द्याव्यात, आणि गाडी परत आल्यावर तेल पुसून ठेवाव्यात. सांखळीची किंमत एका खेपेच्या भाड्याच्या मानानें थोडी आहे, आणि नासलेल्या एका गाडीभर द्राक्षांच्या मानानें तर नाहींच म्हटली तरी चालेल. सांखळी नीट ठेवली तर पुष्कळ हिंवाळे टिकते.

याहून कठीण गोष्ट खोळंब्याची आहे, कारण तेथें पैशापेक्षां आपल्या संवयीचा प्रश्न आहे. भाव उतरूं लागला कीं आपला जीव खालींवर होतो व हात फोनकडे जातो. उधमपुरास थांबविलेल्या चालकास आपण फोन करून काय सांगणार? वाट बंद आहे हें त्याच्या डोळ्यांसमोर आहे; आपल्या बोलण्यानें ती उघडत नाहीं, मात्र ती उघडल्यावर तो सांखळी न घालतां निघण्याचा संभव वाढतो. आमची अशी सूचना आहे कीं डिसेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत बनिहालपलीकडे जाणाऱ्या मालाच्या बिल्टीवर दोन वाक्यें स्पष्ट लिहावींत. एक, सांखळ्या गाडींत आहेत आणि त्यांचें भाडें धन्याकडे आहे. दुसरें, पोलिसांनीं अथवा बर्फानें थांबविलेल्या दिवसांबद्दल भाडें कापलें जाणार नाहीं. हा तोटा खरा आहे, आणि तो कोणी तरी सोसलाच पाहिजे. पण तो सोसण्यास आपल्याजवळ निदान पुढचें पीक तरी असतें. चालकाजवळ त्या खेपेच्या भाड्यावांचून दुसरें कांहीं नसतें.

संस्थेच्या येत्या सभेंत हा विषय आम्ही मांडणार आहों. तोंपर्यंत ज्यांचा माल या हिंवाळ्यांत जम्मूच्या पुढें जावयाचा आहे, त्यांनीं गाडी ठरवितांना भाड्याबरोबर मागच्या टायरवरील आंकडाही कागदावर टिपून घ्यावा, आणि मग सांखळी पाहावयास निघावें.